दहा बायका पाठवा

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच संघटनांना एका नव्या प्रकारचे बोलावणे येऊ लागले आहे. फोन येतो. बोलणारा मुलगा किंवा मुलगी नम्र असते. "ताई, आम्ही महिलांसाठी एक ॲप तयार करतोय. तुमच्या वस्तीतल्या आठ-दहा बायका दोन तासांसाठी मिळतील का? चहा-नाश्त्याची सोय आम्ही करू." कधी कंपनी असते, कधी सरकारी खात्याने नेमलेली संस्था, कधी डिझाइन शिकणारे विद्यार्थी. वस्तू बदलते. पैसे पाठवण्याचे ॲप असेल, योजनेचा ऑनलाइन अर्ज असेल, चूल असेल. मागणी एकच असते, दहा बायका पाठवा.

याबाबत आपल्यात दोन मते आहेत. काही जणी म्हणतात, आमच्या बायका म्हणजे काय प्रयोगशाळेतले उंदीर आहेत का, अजिबात पाठवायच्या नाहीत. दुसऱ्या म्हणतात, निदान कुणी विचारते तरी आहे, जाऊ द्या. मला ही दोन्ही मते घाईची वाटतात. पुढचा फोन येईल तेव्हा हो म्हणायचे की नाही, आणि हो म्हटले तर कोणत्या अटींवर, हे ठरवायचे असेल तर या प्रकारातून काय साधते आणि काय साधत नाही हे आपल्याला नीट माहीत हवे. तेवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

त्यांच्या धंद्यात याला युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात. मी वापर-चाचणी म्हणेन. पद्धत साधी आहे. वस्तू बाजारात जाण्याआधी ती जिच्यासाठी आहे अशा एका व्यक्तीसमोर ठेवायची, एक काम सांगायचे, "समजा गावी आईला पाचशे रुपये पाठवायचेत, पाठवून दाखवा", आणि मग गप्प बसायचे. "तिकडे नाही, इकडे दाबा" असे म्हणायचे नाही. ती कुठे थांबते, कुठे भलतेच बटण दाबते, कुठे हात मागे घेते हे फक्त टिपून घ्यायचे. असे एकेकटीबरोबर, पाच-सात जणींबरोबर.

यातला गप्प बसण्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो. शिकलेला माणूस, बहुधा पुरुष, न शिकलेल्या बाईसमोर बसला आहे, तो काही समजावून सांगत नाही, फक्त पाहतो आहे, आणि ती अडली तर दोष त्याच्या वस्तूचा धरला जातो आहे, असे प्रसंग आपल्या आयुष्यात किती येतात? बँकेत, कचेरीत, दवाखान्यात नेमके उलटे घडते. तिथे बाई अडली की "घरातल्या कुणाला तरी घेऊन या" असे ऐकून घ्यावे लागते.

हे काम आपल्यालाही करता येते आणि त्याला काच-कॅमेऱ्याची खोली लागत नाही. आमच्या गटाने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यावर एक पानी पत्रक तयार केले होते. मजकूर वकील मैत्रिणीने तपासला होता. छापायला देण्याआधी तो पाच जणींना एकेकटीला वाचायला दिला, ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना वाचून दाखवला. "समजलं का?" असे विचारायचे नाही, हे आधीच ठरवले होते, कारण त्याचे उत्तर नेहमी "हो" असेच येते. विचारले ते असे: "समजा रात्री नवऱ्याने मारून घराबाहेर काढले, तर या कागदाप्रमाणे सकाळी तुम्ही कुठे जाल?" पाचपैकी चौघी म्हणाल्या, पोलीस चौकीत. पत्रकात 'संरक्षण अधिकारी' हा शब्द होता, आणि अधिकारी म्हणजे वर्दीवाला हे त्यांच्या दृष्टीने उघडच होते. एक जण म्हणाली, "संरक्षण करतो म्हणजे बंदूक असणार त्याच्याकडं." मग आम्ही लिहिले की या अधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत, त्या अमुक इमारतीत अमुक मजल्यावर बसतात, तिथे जायला पैसे लागत नाहीत, जाताना कोणते कागद असले तर न्यावेत आणि कागद नसले तरी जावे. या सगळ्याला दोन दुपारी आणि झेरॉक्सचे थोडे पैसे लागले. पत्रके, पोस्टर, अर्जाचे नमुने छापणाऱ्या प्रत्येक गटाने हे करावे असे माझे मत आहे.

धंद्यातल्या लोकांनीही असे चांगले काम केले आहे. २००५-०६ च्या सुमारास बंगळूरमध्ये इंद्राणी मेढी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या तीन वस्त्यांतल्या घरकामगार बायकांबरोबर बसून, अक्षरे न वापरता केवळ चित्रे आणि आवाजावर चालणारी, काम शोधण्याची संगणकीय सोय तयार केली. भांडी घासण्याचे काम दाखवायला भांड्यांचे चित्र काढले, तर बायकांना त्यात वस्तू किंवा जागा दिसत होती, काम दिसत नव्हते. नळातून पाणी वाहताना, किटलीतून वाफ निघताना दाखवली तेव्हा ते काम आहे हे कळले. टेबलाशी बसून हे कुणालाही सुचले नसते. बायकांसमोर चित्र ठेवल्यावरच ते दिसले. पण त्याच कामात दुसरी एक गोष्टही पुढे आली. चित्रे कळली तरी, या यंत्रात कामाची माहिती येते कुठून आणि त्यातून मला काम कसे मिळणार, हा बायकांचा प्रश्न उरलाच होता. म्हणून त्यांना पुढे एक छोटी चित्रफीत करावी लागली. मालकीणबाईला कामाला बाई हवी असते, ती माहिती संगणकात कशी जाते आणि कामाच्या शोधातली बाई ती कशी पाहते, हे नाट्यरूपाने दाखवले.

आता आकड्यांबद्दल थोडे, कारण आपल्याला आकडे सांगून गप्प केले जाते. जेकब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली एक सूत्र मांडले आणि त्यावरून नील्सन यांनी २००० साली लिहिले की पाच जणांबरोबर चाचणी केली की सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. कंपन्यांना हे फार आवडले. पाच माणसे स्वस्त पडतात. पण एखादी अडचण कुठल्याही एका माणसाला आढळण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के, असे त्या हिशेबात धरलेले आहे. म्हणजे सगळे वापरणारे साधारण एकसारखे. वापरणारे वेगवेगळ्या गटांतले असतील तर प्रत्येक गटातली माणसे वेगळी घ्यावीत, असे नील्सन यांनीच म्हटले आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. डेन्मार्कच्या रॉल्फ मोलिक यांनी १९९८ साली नऊ वेगवेगळ्या चमूंना एकच हॉटमेल तपासायला दिले. सगळ्यांच्या मिळून ३१० अडचणी निघाल्या आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांश फक्त एकेकाच चमूला दिसल्या होत्या. तेव्हा "चाचणी झाली आहे" या वाक्याने आपण दबून जाण्याचे कारण नाही. कोणी केली, कोणाबरोबर केली, हे विचारावे.

बायका तोंडाने काय सांगतात याबद्दल तर फारच सावध राहायला हवे. आमच्या वस्तीतल्या काही जणींबरोबर मी अशा एका चाचणीला गेले होते. पन्नाशीची एक धुणीभांडी करणारी बाई पैसे पाठवण्याच्या ॲपवर तीनदा अडली. शेवटी त्या मुलाने विचारले, "काकू, कसं वाटलं?" ती म्हणाली, "लई छान केलंय." चेहऱ्यांची पाच चित्रे होती, त्यांतल्या सर्वांत हसऱ्या चेहऱ्यावर तिने बोट ठेवले. परतताना रिक्षात मी विचारले, तेव्हा म्हणाली, "पोरगं घामाघूम झालं होतं ताई. आपण नाव ठेवायचं आन् त्याची नोकरी जायची." याला कुणी अडाणीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. घरोघरी काम करणाऱ्या बाईला समोरच्याचा चेहरा वाचता येतो, आणि त्यावर तिचे पोट चालते.

हे मोजलेलेही आहे. बंगळूरमध्ये ४५० मुलाखती घेऊन निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले की विचारणाऱ्यानेच वस्तू तयार केली आहे असे वाटले तर लोक तीच वस्तू चांगली म्हणण्याची शक्यता सुमारे अडीच पट होते, दोन्ही वस्तू अगदी एकसारख्या असल्या तरी. विचारणारा परदेशी असेल आणि मधे दुभाषा असेल तर पाच पट. म्हणून अशा अहवालात समाधानाच्या रकान्यात जो आकडा असतो तो मी वाचतच नाही. बाईचा हात कुठे थांबला हे कुणी लिहिले असेल तर ते वाचते.

आता अशा वस्तूकडे येते, जिच्याबद्दल या खोलीतल्या प्रत्येकीला काही सांगता येईल. चूल.

धूर कमी करणारी, लाकूडफाटा कमी लागणारी चूल करावी हा विचार जुना आहे आणि चांगला आहे. आपल्या सरकारने १९८३-८४ साली राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला. २००२ मध्ये केंद्राने त्यातून अंग काढून घेईपर्यंत देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्याची नोंद झाली. त्यांतल्या किती चुलींवर पुढे स्वयंपाक होत राहिला, तुम्ही आपापल्या गावात पाहिलेच आहे. मी ज्या गावांत काम करते तिथे सुधारित चुलीवर दळणाचा डबा ठेवलेला आणि शेजारी तीन दगडांवर भाकरी चाललेली अनेकदा पाहिली आहे.

या चुली न तपासता दिल्या असे नाही. चूल तपासायची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे पाणी उकळण्याची चाचणी. ठरावीक पाणी भांड्यात घ्यायचे, उकळेपर्यंत किती लाकूड लागले, किती वेळ गेला, किती धूर झाला ते मोजायचे. दोन चुलींची तुलना करायला ही पद्धत उपयोगी आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण तिथे लाकूड कोरडे आणि एका मापाचे असते, चूल नवी असते, आणि पेटवणाऱ्याला दुसरे काही काम नसते. आपल्याकडे पावसाळ्यात ओली लाकडे असतात, कापसाच्या भागात पऱ्हाट्या असतात, गोवऱ्या असतात. एकीकडे मूल रडत असते. आणि भाकरी म्हणजे काही पाणी उकळणे नव्हे. भाकरी तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यापुढे उभी करून शेकायची, तेव्हा ती फुगते. त्याच वेळी वैलावर कालवण असते. ज्या चुलीचे तोंड लहान, निखारे पुढे ओढायला जागा नाही, तिच्यावर पाणी झकास उकळेल आणि घरातला माणूस भाकरी कच्ची म्हणून ताट सरकवेल. ते ताट सरकवणे कुठल्या चाचणीत मोजायचे?

तज्ज्ञांना हे ठाऊक नव्हते असेही नाही. खरा स्वयंपाक करून पाहण्याची, आणि बाईच्या घरी जाऊन कित्येक दिवस सरपण मोजण्याची अशा आणखी दोन चाचण्या आहेत. त्यांना वेळ आणि पैसा जास्त लागतो.

ओडिशात तर याहून लांबचा हिशेब मांडला गेला. रेमा हॅना, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी अडीच हजारांहून अधिक कुटुंबांत, धुराडे असलेल्या सुधारित चुली बसवल्यावर काय होते ते चार वर्षांपर्यंत पाहिले. प्रयोगशाळेत ती चूल चांगली ठरली होती. घराघरांत पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फरक नाहीसा झाला. आरोग्यात आणि सरपणात तर फरक दिसलाच नाही. चुली रोज वापरल्या जात नव्हत्या, धुराडी साफ होत नव्हती, भेगा बुजवल्या जात नव्हत्या. हा अभ्यास पहिल्या वर्षाअखेरीस थांबवला असता तर यशाची बातमी छापून आली असती. धुराडे साफ करणे हे आणखी एक बिनपगारी काम आहे आणि ते कोणाच्या वाट्याला येणार, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

आणि समजा चूल सर्वार्थाने चांगली आहे, बाईला ती हवीही आहे. ग्रँट मिलर आणि मुश्फिक मोबारक यांनी बांगलादेशात पाहिले, तिथे सुधारित चुलीची, विशेषतः आरोग्याला बऱ्या चुलीची ओढ पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होती, पण विकत घेण्याचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता. चाचणीच्या खोलीत बाई एकटी बसलेली असते. नवऱ्याचा खिसा, सासूचे मत हे तिथे येत नाही.

फोनचेही तसेच. त्या रिक्षातल्या बाईला चाचणीपुरता कोरा करकरीत फोन हातात दिला होता. घरी तिचा फोन मुलाकडे असतो आणि पिन त्यालाच माहीत. ॲपचे बटण कितीही मोठे केले तरी पगाराचे पैसे कुणाला कळता कामा नयेत ही तिची अडचण तशीच राहते. ती अडचण त्या दोन तासांत बोलायला तिला कुणी जागाच दिली नव्हती.

ही चाचणी जी वापरसुलभता मोजते तिची एक अधिकृत व्याख्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९८ साली केली. सोप्या भाषेत ती अशी: ठरावीक वापरणाऱ्यांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उद्दिष्ट किती परिणामकारकपणे, किती कमी कष्टात आणि किती समाधानाने गाठता येते. व्याख्या वाईट नाही, प्रामाणिक आहे. तिने 'ठरावीक' हा शब्द तीनदा घातला आहे. मात्र ठरवणारा कोण, हे त्या व्याख्येच्या बाहेर राहते, आणि आपले भांडण तिथेच आहे.

एका योजनेच्या ऑनलाइन अर्जाचे पाहा. त्यात एका टप्प्यावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक भरायचा आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा होता. आमच्या केंद्रावर परित्यक्ता बहिणी रांगेने येऊन त्या टप्प्यावर थांबल्या. नवरा आठ वर्षे बेपत्ता, वडील वारलेले, ओटीपी कोणाचा आणायचा? जिचा नवरा दुसरी घेऊन त्याच गावात राहतो तिची गत तर आणखी वाईट, तिने त्याच्या दारात जाऊन नंबर मागायचा. अशी एक जरी बाई चाचणीला बसवली असती तर पाच मिनिटांत हे उघड झाले असते. हे चाचणीचे सामर्थ्य आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण पुढे काय झाले असते? कागदावर 'काम पूर्ण करू शकली नाही' अशी नोंद. तो कागद जातो पडदा रंगवणाऱ्या मुलाकडे. त्याच्या हातात काय आहे? सूचना मोठ्या अक्षरात लिहिणे. बाईची ओळख नवऱ्याच्या किंवा बापाच्या मार्फतच पटवायची, हे जिथे ठरले त्या टेबलापर्यंत तो कागद जातच नाही. परित्यक्तांच्या प्रश्नावर आपण महाराष्ट्रात इतकी वर्षे मोर्चे काढले, परिषदा घेतल्या, ते काही बटणाच्या आकारासाठी नव्हते.

चाचणीच्या कागदावर आणखी एक रकाना नसतो, "हे मला नको" असे लिहिण्याचा. आपल्या राज्यात तो रकाना अंगणवाडी सेविकांनी स्वतः तयार केला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारने कामासाठी दिलेले मोबाइल हजारोंच्या संख्येने परत केले. फोनची क्षमता २ जीबी, पोषण ट्रॅकर हे केंद्राचे ॲप त्यावर नीट चालेना, फोन बिघडले तर भुर्दंड सेविकेला, आणि माहिती भरायची इंग्रजीत. पुढे हा विषय मुंबई उच्च न्यायालयातही गेला. त्या बायकांना कुणी चाचणीला बोलावले नव्हते. रोज वापरून, महिनोन्‌महिने वापरून त्यांनी निष्कर्ष काढला, आणि त्यांच्यामागे संघटना होती म्हणून तो ऐकावा लागला.

तेव्हा पुढचा फोन आला की काय करायचे? माझे मत, जायचे. पण फोनवर आधी विचारायचे की वस्तूचा निर्णय होऊन गेला आहे की अजून बदलता येतो. होऊन गेला असेल तर आपण छायाचित्रापुरत्या हव्या आहोत, सरळ नाही म्हणावे. बायका आपण निवडायच्या. त्यांत एक तरी एकटी राहणारी असावी, एक अजिबात न वाचणारी, एक अपंग मैत्रीण, एक परप्रांतातून आलेली. चहा-नाश्ता ही मजुरी नव्हे. दोन तास म्हणतात तिथे बाईचा अर्धा दिवस जातो आणि दोन घरची कामे बुडतात, तेवढे पैसे हातात मिळाले पाहिजेत आणि ते "छान" म्हटले किंवा न म्हटले यावर अवलंबून नाहीत, हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगितले पाहिजे. वस्तू तयार करणाऱ्याने स्वतः प्रश्न विचारू नयेत, दुसऱ्या कुणी विचारावेत. अहवाल मराठीत आपल्याकडे यावा. आणि सहा महिन्यांनी त्यांनी बाईच्या घरी यावे, तिच्या सोयीच्या वेळी. या शेवटच्या अटीवर बहुतेकजण मागे हटतात, असा माझा अनुभव आहे. हटू द्या.

"आपण का कंपन्यांची कामे करायची?" असे सकाळी एका मैत्रिणीने विचारले. प्रश्न रास्त आहे. ॲप आपण न जाताही येणारच आहे, चूल आणि अर्जही. आपली बाई त्यापुढे अडल्यावर तिच्याबरोबर कचेरीत खेटे घालायला जाणाऱ्याही आपणच आहोत.

या अटींचे एक पानाचे पत्र मी तयार करून आणले आहे. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी एकेक प्रत घ्या. मजुरीच्या आकड्याची जागा रिकामी ठेवली आहे, कारण कोल्हापूरचा दर वेगळा आणि मुंबईचा वेगळा. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या बायकांना विचारून तो भरावा. आणि पत्रातला एखादा शब्द तुमच्याकडच्या बाईला अडला तर तो शब्द खोडून मला कळवा.